आबा मेले तो सिनेमा

आई बाजार करून आली तेव्हा आबा सोप्यात मरून पडले होते.

जाजमावर उताणे, एक हात छातीवर, दुसरा वेडावाकडा बाजूला पडलेला, डोळे अर्धवट उघडे आणि तोंडाचा आ. मी शेजारी पाटावर बसून त्यांच्या छातीकडे टक लावून बघत होते, कारण श्वास चाललेला दिसला की सांगायचं, हे काम मला नेमून दिलेलं होतं. आईच्या हातातली पिशवी सुटली आणि वांगी सोपाभर घरंगळली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारचे सुतारकाका हातात रंधा घेऊनच धावत आले.

आबांनी एक डोळा नीट उघडला. "चंपे, श्वास दिसला का गं?"

"नाही आबा."

"बघ! म्हटलं नव्हतं?" असं म्हणत ते उठून बसले आणि मग त्यांना आई दिसली. "अगं, तू कवा आलीस?"

आई उंबऱ्यावर मटकन बसली होती. तिचा रंग पार उतरला होता. सुतारकाकांनी एकदा आबांकडे, एकदा आईकडे बघितलं आणि आल्या पावली ते परत गेले. मग आईने एकेक वांगं वेचायला सुरुवात केली आणि प्रत्येक वांग्याबरोबर आबांना एकेक वाक्य दिलं.

"लाज न्हाई वाटत? घरच्या सोप्यात मरून पडतायसा? वयात आलेली पोर शेजारी बसवून?"

"अगं, काम हाय ते. सिनेमातलं. आजवर मिळालं नव्हतं एवढं मोठं काम."

"मरायचं?"

"मरायचं न्हाई. मेलेलं ऱ्हायचं. पयल्या रिळापासनं शेवटच्या रिळापर्यंत! हिरोला सुदिक एवढं काम न्हाई."

"आणि बोलायचं काय, आबा?" मी विचारलं.

"मेलेला माणूस काय बोलणार, खुळे?" आबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मला हसूच आलं.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी एका नाटक कंपनीत होते. कंपनी बुडाली तेव्हा ते कोल्हापुरात गुळाच्या अडतीत नोकरीला लागले, पण रंगाची हौस काही सुटली नाही. स्टुडिओत माणसं हवीत असं कळलं की अडतीतून रजा काढून पळायचे. कधी भालदार, कधी जमावातला माणूस, कधी नुसती राजाच्या मागची पगडी. आम्ही सिनेमाला जायचो आणि आबांना शोधायचो. सापडेपर्यंत ते पडद्यावरून गेलेले असायचे. आईला या सगळ्याचं भारी वावडं. कुणी विचारलं तर ती एवढंच सांगायची, गुळाच्या अडतीत असतात. नाटक, सिनेमा हे शब्द तिच्या तोंडी येत नसत. तिचा थोरला भाऊ, आमचे तात्यामामा, गडहिंग्लजला भुसार मालाचे व्यापारी. ते घरी आले की पहिला प्रश्न ठरलेला असे. "काय दाजी, भाला कुठं ठेवलाय?" आणि आई मान खाली घालून चहा ओतायची.

पण त्या दिवशी आई चिडली ती काही लाजेपायी नव्हे. ती लहान असताना तिचे वडील असेच सोप्यात आडवे झाले होते. उन्हाळ्याचे दिवस, दुपारची वेळ. बापाला झोप लागली असं समजून ती शेजारी बसून पंखा हलवत राहिली. मोठी माणसं शेतावरून परत येईपर्यंत ती वारा घालत होती. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, आणि सांगतानाही तिचा हात हलत होता.

"त्या सोंगाचा सिनेमा लागंल तेव्हा मी काय बघायला येणार न्हाई," तिने शेवटचं वांगं पिशवीत टाकून बजावलं. "आधीच सांगून ठेवते."

आबांचा फुललेला चेहरा एकदम उतरला. त्यांना त्या सिनेमातून पैसा नको होता, नाव नको होतं. एकदा, फक्त एकदा, आईने त्यांना पडद्यावर बघावं आणि हा माझा माणूस असं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. हे ते कधी बोलले नाहीत, पण मला ठाऊक होतं आणि मला वाटतं आईलाही ठाऊक होतं.

सिनेमाचं नाव होतं 'मयत हजर'. एक कोटाची कॉलर वर केलेला गुप्तहेर, एक भलामोठा बंगला, जिन्यावर लांबलचक सावल्या आणि त्या बंगल्यात खून झालेले रावसाहेब. दुसऱ्या दिवशी रावसाहेब कोर्टात जातीने हजर राहिले नाहीत तर सगळी इस्टेट हातची जाणार, म्हणून घरातली माणसं त्यांचा मुडदा लपवत, सजवत, बसवत, उठवत फिरतात आणि खुनी कोण ते कुणालाच कळत नाही. आबा होते ते रावसाहेब.

मी एकदा आबांचा डबा घेऊन स्टुडिओत गेले होते. आईने डबा भरून दिला होता, पण कुठे न्यायचा ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आत गेले तर आबा रेशमी झगा घालून आरामखुर्चीत मरून बसलेले. चेहऱ्याला पांढुरका रंग, ओठांवर झुबकेदार मिशी. गुप्तहेराचं काम करणारा नट त्यांच्या नाकाशी नाक भिडवून बोलत होता, "रावसाहेब, तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय!" आणि तेवढ्यात कुठूनशी एक माशी आली आणि आबांच्या नाकाच्या शेंड्यावर बसली.

डायरेक्टर साहेबांनी कॅमेरा थांबवायला हात वर केला, पण तो अर्ध्यातच राहिला. माशी नाकावरून मिशीवर गेली, मिशीवरून उघड्या ओठांवर आली, तिथे थांबून तिने पाय चोळले. आबांची पापणी हलली नाही. त्या नटाच्या घशात हसू अडकलेलं दिसत होतं. तो मोठ्या कष्टाने म्हणाला, "रावसाहेब, तुमच्याकडे पाहुणे आलेत," आणि त्याने टोपीने माशी उडवली. टोपी फाडकन आबांच्या नाकावर बसली. आबा तसेच.

कॅमेरा थांबला तेव्हा सगळा स्टुडिओ हसत सुटला. डायरेक्टर साहेब पुढे येऊन म्हणाले, "इंगवले, हा प्रसंग आम्ही लिहिलेला नव्हता, पण आता सिनेमात राहणार. माशी चावली का हो?"

"चावली असंल साहेब," आबा उठत म्हणाले. "मेल्यावर काय कळतंय?"

मी डबा हातात धरून उभी होते. इतका अभिमान मला आबांचा त्याआधी कधी वाटला नव्हता. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. माशी ओठांवर बसली इथवर आले तेव्हा तिचा हात थांबला.

"मग? शिंकले का?"

"नाही. हललेसुद्धा नाहीत."

"घरात डास चावला तर सगळं घर डोक्यावर घेतात," आई म्हणाली आणि तिने भाकरी तव्यावर टाकली. पण तिने ऐकलं होतं, पूर्ण ऐकलं होतं.

शूटिंग संपलं त्या दिवशी आबा जेवायला बसले ते आईची नजर चुकवत.

"ऐकतीस का? एक सांगायचं हुतं," ते म्हणाले. "त्या स्टुडिओत एक रीत हाय. जो कुणी पडद्यावर मरतो, त्येचं काम संपलं की त्येच्या तोंडात गुळाचा खडा देत्यात, नारळ फोडत्यात आणि कॅमेरा चालू ठिवून त्येला हसायला लावत्यात. म्हंजी मरण अंगाला चिकटत न्हाई. आज माझं पण केलं."

आईने वर बघितलं. "कॅमेऱ्यात?"

"व्हय. त्यो हसतानाचा तुकडा कापून टाकत न्हाईत. फेकला तर अपशकुन. शेवटच्या रिळाच्या शेपटाला जोडून ठेवत्यात. म्हंजी मी मेलो ते पण सिनेमात हाय आणि उठलो ते पण हाय."

आमटी वाढून झाली, भात वाढून झाला, ताक वाढताना ती म्हणाली, "उठलेलं दिसणार असंल तर यीन मी."

आबांचा घास हातातच राहिला. आमच्या घरी त्या रात्री जो आनंद झाला तसा दिवाळीलाही होत नसे.

सिनेमा लागला त्या आठवड्यात तात्यामामा बाजारासाठी कोल्हापुरात आले होते. आबांनी त्यांनाही तीनच्या खेळाला ओढलं. मामांच्या अंगात पांढराशुभ्र लांब कोट, डोक्याला जरीचा पटका, हातात छत्री. वाटेत त्यांनी विचारलंच. "काम काय हाय दाजी? परत भालाच का?"

"बघा की," आबा म्हणाले.

थिएटरात बायकांची बाजू वेगळी होती, मधे लाकडी कठडा. मी आणि आई इकडे, आबा आणि मामा तिकडे. पहिल्याच आठवड्याचा खेळ, थिएटर गच्च भरलेलं. पडद्यावर नावं सुरू झाली. हिरो, हिरॉइन, गुप्तहेर, आचारी, मोलकरीण, अगदी घोडागाडी ज्याची होती त्याचंही नाव आलं. आबांचं नाव आलं नाही. मयताचं नाव कोण घालणार? अंधारात कठड्यापलीकडून मामांचा आवाज ऐकू आला, "दाजी, तुमचं नाव गळालं वाटतं." आईचा हात माझ्या हातात होता. तो आवळला गेला.

मग बंगल्याचा काळोखा जिना आला. एक कंदील वर चढत गेला, भिंतीवरची सावली छतापर्यंत वाढली, दार कर्र करत उघडलं आणि आरामखुर्चीत आबा. अख्ख्या पडद्यावर एकटे आबा! आजवर ज्यांना आम्ही गर्दीत शोधत होतो, त्यांचं तोंड आता थिएटरच्या भिंतीएवढं झालं होतं. आईने पदर डोळ्यांवर घेतला.

"काय झालं? काय करतायत?" तिने पदराआडून विचारलं.

"काही नाही करत. मेलेत."

"अजून?"

"आई, आत्ता तर सुरू झालाय."

पुढची बाई मागे वळून म्हणाली, "ओ, बघू द्या की." तेवढ्यात पडद्यावर पुतण्या चोरपावलांनी आला, त्याला वाटलं खून आपल्या बहिणीने केला, म्हणून त्याने मुडदा कपाटात कोंबला. बहीण आली, तिला वाटलं भावाने केला, तिने कपाटातून काढून पलंगाखाली सरकवला. आचारी आला, त्याने पलंगाखालून ओढून स्वयंपाकघरात नेला आणि पिठाच्या कणगीत बसवला. प्रत्येक वेळी कॉलर वर केलेला गुप्तहेर नको त्या दारातून यायचा, सिगारेट पेटवायचा आणि म्हणायचा, "रावसाहेब दिसत नाहीत ते?" आबा त्याच्या मागेच असायचे, शेवटी तर पिठाने पांढरेफटक होऊन. थिएटर गदगदून हसत होतं. आईचा पदर आधी एका डोळ्यावरून सरकला, मग दुसऱ्यावरून.

"असं कुणी बसवतं व्हय मानसाला? मान लचकंल की!" ती म्हणाली. आणि हसली. मी तिच्याकडे बघतच राहिले. आमची आई चारचौघांत तोंडाला पदर लावून हसणारी, ती मोकळी हसत होती.

माशी आली तेव्हा थिएटरात कुणी खोकललंसुद्धा नाही. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली, "अगंबाई, खरी माशी हाय!" माशी ओठांवर आली तशी पुढच्या बाईने स्वतःचं तोंड दाबून धरलं. टोपीचा फटका बसला आणि हशाचा असा लोंढा आला की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत. पुरुषांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "वा रे मुडद्या!" आई माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "तू सांगितलं हुतंस ती हीच माशी न्हवं?" जणू ती आमच्याच घरची माशी होती.

सगळ्या बाया आपापला खुनी ठरवू लागल्या. कुणी म्हणे आचारी, कुणी म्हणे बहीण. आई ठामपणे म्हणाली, "त्यो इस्टेटीचा वकील. त्यो एकटाच रडला न्हाई आणि घाबरला बी न्हाई."

मग तो प्रसंग आला. इन्स्पेक्टर घरी येतो आणि रावसाहेब जिवंत आहेत असं भासवायला तीच बहीण, म्हणजे त्यांची पुतणी, त्यांना खुर्चीत बसवून शेजारी पंखा हलवत बसते. "काका आत्ताच झोपलेत," ती म्हणते. इन्स्पेक्टर जात नाही, ती वारा घालायचं थांबत नाही, तिचा हात दुखतो, ती हात बदलते, पंखा तोंडावर आपटतो. लोक हसून हसून बेजार झाले होते. माझ्या शेजारी एकदम सामसूम झाली.

मी आईकडे बघितलं. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. तिचा हात मांडीवर हलत होता, उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे.

"आई, जाऊ या का बाहेर?"

"न्हाई," ती म्हणाली. "ते उठणार हाईत. बघून मग जाऊ."

त्यानंतर ती हसली नाही. कोर्टात पिंजऱ्यात मयताला उभं केलं, शिपायाने पुकारा केला, "रावसाहेब हजर?" आणि ज्याला आपण विष दिलं तो माणूस समोर उभा बघून वकिलाचा तोल सुटला. तो ओरडला, "पण हा तर कालच मेला!" थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. आईचा अंदाज खरा ठरला होता. पुढची बाई कौतुकाने मागे वळली, पण आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पडद्यावर नजर रोवून बसली होती. गुप्तहेराने सिगारेट विझवली, 'समाप्त' आलं, आणि दिवे लागले.

लोक उठले. दारं उघडली. पडदा पांढरा.

आई बसून होती.

"आई, संपला."

"संपला न्हाई. ते उठले न्हाईत अजून."

मला कळलं काय झालंय ते. रिळाच्या शेपटाला काय जोडलेलं असतं ते ऑपरेटरला काय माहीत? 'समाप्त' आलं की त्याने रोजच्यासारखा दिवा मालवला होता. बायका आमच्या पायांवरून ओलांडून जाऊ लागल्या. डोअरकीपर आला.

"बाई, उठा. साडेसहाचा खेळ भरायचाय."

"मी उठत न्हाई."

"तब्येत बरी न्हाई का?"

"माझी बरी हाय. त्यांस्नी उठवा आधी. मग मी उठते."

डोअरकीपरने माझ्याकडे बघितलं. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणजे चष्मा लावलेले, सभ्य, घाईत असलेले गृहस्थ. जाणारे लोक कठड्याशी थांबू लागले. एक बाई थिएटरात अडून बसली आहे म्हटल्यावर कोण घरी जातंय? कठड्यापलीकडे आबा आणि मामा उभे होते. आबांना काय करावं ते सुचत नव्हतं. मामांनी त्यांचा दंड धरला होता आणि ते दबक्या आवाजात म्हणत होते, "दाजी, सगुणेला घेऊन चला. तमाशा नको."

"बाई, कुणाला उठवायचं?" मॅनेजरने विचारलं.

आईने पांढऱ्या पडद्याकडे बोट केलं. "त्या मेलेल्या मानसाला. ते हसत उठल्यालं शेवटी जोडलंय. मी तेवढ्यासाठी आलेय. ते माझे मालक हाईत."

गर्दीत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "मुडद्याची बायको!" मॅनेजरही हसले, पण वाईट हसले नाहीत. "रावसाहेबांचं काम केलंय ते? त्यांचं नाव तर नाही कुठं पडद्यावर. कोण आहेत ते? नाव काय त्यांचं?"

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. लग्नात, सणासमारंभात उखाण्यात गुंफून घ्यायची तेवढंच, आणि आई तेही टाळायची. मी तिच्या तोंडून आबांचं नाव कधी ऐकलं नव्हतं. रेशन कार्डाच्या वेळीसुद्धा तिने मला पुढे केलं होतं. मी आताही तोंड उघडलं, पण तिने माझा हात दाबला.

परत आलेल्या बायांना तेवढ्यात जोर चढला. "नाव घ्या, नाव घ्या! उखाण्यात घ्या!"

आई उभी राहिली. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. उखाणा वगैरे काही नाही.

"दौलतराव रामजी इंगवले," ती म्हणाली. थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असेल इतक्या मोठ्याने. "पयल्यापासनं शेवटापर्यंत हललं न्हाईत ते. माशी बसली तरी हललं न्हाईत. तुमच्या सगळ्या नटांत त्यांच्याएवढं काम कुणी केलं न्हाई, आणि नाव तेवढं त्यांचं न्हाई. घ्या लिहून. आणि ते बघा तिथं उभे हाईत, तांबड्या पटक्यात."

सगळी मुंडकी वळली. आबा एकटे पडले, कारण त्यांच्या भोवतीची माणसं नीट बघायला मागे सरली होती. आबांच्या ओठांवर मिशी नव्हती, तोंडाला पीठ नव्हतं, पण नाक तेच होतं. कुणीतरी ओरडलं, "अरे, खरंच की! मुडदाच हाय!" आणि टाळ्या सुरू झाल्या.

मॅनेजरने चष्मा काढून पुसला आणि मागे, ऑपरेटरच्या खिडकीकडे बघून हाक दिली. "शेवटचं रीळ परत लाव रे. शेपटापर्यंत जाऊ दे. दिवे घालव."

बाहेर साडेसहाचे लोक दार वाजवत होते. आतले लोक जागा मिळेल तिथे बसले, काही कठड्यावर चढले, बाया-पुरुष सगळी सरमिसळ झाली. गुप्तहेराने पुन्हा सिगारेट विझवली, पुन्हा 'समाप्त' आलं. मग काही क्षण पडद्यावर नुसते ओरखडे आणि ठिपके.

आणि आबा. आवाज नाही, संगीत नाही. खुर्चीत तसेच मेलेले. बाजूने एक हात आला, त्याने त्यांच्या तोंडात गुळाचा खडा ठेवला. आबांचे ओठ मिटले. गाल हलला. डोळे उघडले, आणि ते हसू लागले. मिशी एका बाजूने सुटून लोंबत होती, तरी ते हसत होते, गूळ चघळत, खांदे हलवत, आणि मग कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"उठले," आई म्हणाली. एवढंच. आणि तिने असा श्वास सोडला, की वाटलं तो तिने लहानपणापासून कोंडून धरला असावा.

थिएटरात असा गजर मी पुन्हा कधी ऐकला नाही. दिवे लागले तेव्हा आबा खाली बघून डोळे पुसत होते. तात्यामामा त्यांच्या शेजारी उभे होते, पण त्यांनी आबांचा दंड सोडला होता. ते बहिणीकडे बघत होते. त्या उन्हाळ्यातल्या दुपारी पंखा तिच्या हातातून काढून घेणारे तेच होते, हे मला फार वर्षांनी कळलं.

बाहेर पडलो तर पायऱ्यांवर झुंबड. आतली गोष्ट साडेसहाच्या रांगेत पोचली होती आणि मयत बघायला सगळी रांग मोडून आली होती. कुणी आबांच्या नाकाला हात लावून बघत होतं, कुणी विचारत होतं श्वास कुठं कोंडता म्हणून. आबा, जे एरवी बोलायला लागले की थांबत नसत, नुसते मान हलवत होते. मग तालमीतली चार तगडी पोरं पुढे झाली. कोल्हापुरात कुस्ती मारलेल्या पैलवानाला खांद्यावर घेतात तसं त्यांना आबांना उचलायचं होतं. पण आबा काही पैलवान नव्हते, त्यांचा तोल गेला, आणि उचलता उचलता ते चौघांच्या खांद्यावर आडवेच झाले.

"थांबा!" आई अशी ओरडली की पोरं जागच्या जागी थिजली. "चौघांनी न्हाई उचलायचं! जित्या मानसाला चौघं उचलत न्हाईत. पाचवा लागा कुणीतरी! पाचवा कोण हाय?"

गर्दी एकमेकांकडे बघू लागली. आबा वरच लटकलेले, खाली बघत होते.

तात्यामामांनी छत्री माझ्या हातात दिली. जरीचा पटका काढून तोही दिला. मग तो पांढराशुभ्र कोट तसाच अंगावर ठेवून ते पायऱ्या उतरले आणि त्यांनी आबांच्या पाठीखाली खांदा घातला.

"सरका रे जरा," ते पोरांना म्हणाले. "माझं दाजी हाईत ते."